भागाबाई आणि दुसरं रक्त

भागाबाईंना मी कधी रागावलेलं पाहिलं नाही, असं वाक्य लिहायला घेतलं आणि लगेच खोडलं. त्या रोज रागावत. बंब पेटला नाही म्हणून रागावत, पेटला की धूर फार म्हणून रागावत. बाळंतिणीची सासू खाटेखाली चोरून शेगडी सरकवायला आली की तोंडाचा असा पट्टा सुटे, की फाटकाबाहेरच्या टांगेवाल्याला वाटावं आपल्यालाच बोलल्या. एका तऱ्हेच्या बायकांसमोर मात्र त्यांचा आवाज खाली येई. त्या बायकांबद्दल आणि त्यांतल्या एकीबद्दल मला लिहायचं आहे. पुष्कळ वर्षं टाळलं. आता टाळण्याइतकी वर्षं माझ्याजवळ उरलेली नाहीत.

अमरावतीच्या बायकांच्या दवाखान्यात त्या डॉक्टरीण होत्या आणि मी नर्स. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. सरकार नागपुरात, साहेब नागपुरात, आणि रक्त तपासायचं यंत्रही नागपुरातच. मी सातारकडची. लहानपणीच विधवा झाले, भावानं पुण्यात नर्सिंग शिकवलं आणि नोकरी मिळाली ती इतक्या लांब. पहिल्या दिवशी हात जोडून मी काहीतरी गोड, सभ्य बोलले. भागाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “सुई टोचता येते, का नुसतं शुद्ध बोलता येते?”

मी आठ दिवस रुसून होते. मग कळलं, की त्या सिव्हिल सर्जनशीसुद्धा असंच बोलतात, आणि माझ्या वाट्याला आलं ते त्यांच्या हिशेबानं स्वागतच होतं.

त्या वरूडकडच्या माळ्याच्या. वडिलांची वांग्या-मिरच्यांची बाडी. मुलगी नागपूरला डॉक्टरकी शिकायला गेली तेव्हा गावानं तोंडात बोटं घातली आणि वडिलांनी कान बंद केले. नऊवारी लुगडं, वरून पांढरा कोट, पायात पुरुषी वहाणा, आणि कोटाच्या खिशात थर्मामीटरच्या शेजारी भाजलेले फुटाणे. थर्मामीटर काढताना दोन फुटाणे हमखास खाली पडायचे. दवाखान्यात एकच सूक्ष्मदर्शक होता, पितळेचा. तो त्या स्वतःच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवत आणि कुणाला हात लावू देत नसत. त्यात पाहताना एक डोळा मिटत नसे, म्हणून त्यावर पदर धरत. बघताना आपल्याशीच पुटपुटत, “दिस बापा, असशीन तं दिस.”

आता त्या बायका. कुणी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाणारी, कुणी शेतावर एकटी सापडलेली, कुणी आपल्याच नात्यातल्या माणसानं नासवलेली. बहुतेक जणी चौकीवर न जाता गावच्या दाईमार्फत आमच्याकडे येत. भागाबाईंनी आसपासच्या तालुक्यांतल्या दायांना निरोप देऊन ठेवला होता, की अशी कुणी कळली तर अंगाला तेल-हळद लावत बसू नका, चार दिवसांच्या आत इकडे आणा. कारण मारलेलं दिसतं, फाटलेलं दिसतं, पण लागलेला रोग दिसत नाही. दोन रोगांची भीती. एक परमा, तो काचेवर नमुना घेऊन रंगवला की सूक्ष्मदर्शकात बहुधा सापडे. दुसरी गरमी, म्हणजे उपदंश. ती रक्तात शिरते आणि पुष्कळ दिवस मुक्यानं राहते. तिच्यासाठी शिरेतून रक्त काढायचं, काचेच्या नळीत बंद करायचं आणि बडनेऱ्याला गाडी बदलून नागपूरला पाठवायचं.

अशी मुलगी आली की त्यांचा पहिला प्रश्न एकच असे. “माय, जेवली काय?” नसेल जेवली तर आधी भाकर. मग त्या खाली जमिनीवर बसत आणि मुलीला वर बाकावर बसवत. सगळी हत्यारं कोमट पाण्यात ठेवत, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघत. आणि प्रत्येक गोष्ट विचारत. इथं पाहू काय. आता हात देतं काय. नको म्हणाली तर थांबत. कधीकधी अर्धा दिवस जाई. बाहेर रांग लागलेली, मी आतबाहेर करून वैतागलेली. एकदा मी म्हटलंच, की बाई, एवढं विचारत बसलात तर दिवस पुरायचा नाही. त्या म्हणाल्या, “विचारल्याबगर हात लावाचा नाही. तसा लावनारा लावून गेला.”

त्या दिवसापासून मीही विचारू लागले.

एकदा एक फौजदार अशाच एका मुलीला घेऊन आला. त्याला एका ओळीचा दाखला हवा होता, मुलगी आधी चांगल्या चालीची होती की नव्हती एवढाच. भागाबाईंनी त्याला खुर्ची दिली नाही. म्हणाल्या, “तिची चाल तिले ठावी. माह्याजवळ दोनच गोष्टी मिळतात. इले कुठं लागलं ते, अन् इले काय लागलं ते. घेत असान तं घ्या.” फौजदार म्हणाला, असं कायद्यात बसत नाही. “मंग कायद्याले म्हना, जरा सरकून बस.” तो मिशीत हसला का रागावला, मला नीट कळलं नाही, पण दाखला त्यानं त्यांच्या भाषेतला नेला.

रजिस्टरात या बायकांच्या नावापुढं त्या खरा आजार लिहीत नसत. रजिस्टर दहा हातांतून जातं, त्यांतले दोन तरी त्याच गावचे असतात. म्हणून त्या लिहीत, ‘कान दुखतो.’ वर्षाच्या तपासणीला साहेब आले, त्यांनी पानं चाळली आणि विचारलं, की या जिल्ह्यात बायकांचे कान एवढे का दुखतात? भागाबाई शांतपणे म्हणाल्या, “साहेब, वऱ्हाडात मानसं बोलतातच जोरानं.” साहेबानं मान डोलावून पुढचं पान उलटलं. मी मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून हसले.

खरी अडचण पहिल्या रक्ताची नव्हतीच, दुसऱ्याची होती. गरमी लागली असली तरी सुरुवातीचे काही आठवडे रक्तात ती सापडत नाही. आज तपासलं आणि काही आढळलं नाही, याचा अर्थ रोग नाही असा होत नाही. दीड महिन्यानं पुन्हा बघायचं, तीन महिन्यांनी पुन्हा. तेव्हाही काही नसेल, तर सुटली. हे त्या मुलींना समजावताना त्या शेतातलं बोलत. “पेरल्याबरोबर उगवते काय? जमिनीवर काहीच दिसत नाही, म्हनून खाली बीच नाही असं कोन म्हनीन? थांब थोडे दिवस, मंग पाहू.” मुली मान हलवत आणि परत येत नसत. कशा येतील? पहिल्यांदा आल्या तेव्हा घाबरून आल्या, दीड महिन्यानं घर म्हणे, आता कशाला पुन्हा ती वाट?

म्हणून भागाबाईंनी दोन नियम केले. पहिला, पहिलं रक्त स्वच्छ निघालं तर तो निकाल कुणाला सांगायचा नाही. नागपूरहून कागद आला तरी, “आला नाही अजून,” म्हणायचं आणि दुसऱ्या रक्तानंतरच तोंड उघडायचं. दुसरा, मुलगी येत नसेल तर आपण जायचं. पण एकीच्याच घरी डॉक्टरीण गेली तर गावात चर्चा. मग एकीचं रक्त घ्यायचं तर पाच जणींचं घ्यायचं. आम्ही हिवतापाची तपासणी करायला आलोय असं सांगून गावात शिरायचो, साऱ्या आळीतल्या बायकांची बोटं टोचायचो, आणि त्या गर्दीत जिचं हवं तिचं शिरेतलं रक्त तिच्या संमतीनं घ्यायचो. दर्यापूरकडच्या एका गावात हा खेळ आमच्या अंगलट आला. जिचं दंडातून घेतलं तिच्या शेजारणीनं पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली, “हिचं नळीभर घेतलं, आन माहं ठिपकाभर? आमी काय सवतीच्या लेकी हाओ काय?” मग तिचं नळीभर, तिच्या जावेचं नळीभर, सरपंचासारख्या वागणाऱ्या एका म्हातारीचं तर दोनदा. परत येताना आम्ही दोघी थकून हसत होतो. पण रात्र होण्याआधी त्या सगळ्या काचा भागाबाईंनी खरोखर तपासल्या आणि हिवताप निघाला त्या तिघींना क्विनाइन धाडलं. म्हणाल्या, “फसवलं तं निदान अर्धं खरं असावं.”

वेणू आली ती वैशाखात. दर्यापूर तालुक्यातली, काळ्या जमिनीवर कापूस पेरणाऱ्या घरातली. वय एकोणीस. त्या काळात एवढी मोठी मुलगी बिनलग्नाची राहिली ती एवढ्यासाठी, की आई मागेच गेली आणि दोन धाकटे भाऊ तिनं वाढवले. तिच्यावर कुणी हात टाकला, कुठं टाकला, ते मी लिहिणार नाही. बापानंच तिला गाडीत घालून आणलं. सखाराम त्याचं नाव. मऊ माणूस. दवाखान्याच्या पायरीवर पागोटं मांडीवर घेऊन बसला आणि सहा दिवस तिथून हलला नाही.

मुलीनं अन्न सोडलं होतं. “जेवली काय?” या प्रश्नावर इतर मुली रडायच्या, ही नुसती बघायची. भाकर हातात दिली तर हातातच राहायची. काचेवर परमा सापडला नाही. रक्त नागपूरला गेलं. भागाबाई तिच्याजवळ खाली बसून राहत, माडगं, ताक, काही ना काही पुढं करत. पाचव्या दिवशी तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. ती एवढंच म्हणाली, “माह्या अंगात त्याची घान हाये. तिच्यावर अन्न कसं टाकू?”

सहाव्या दिवशी नागपूरचा कागद आला. दोष नाही.

मी म्हटलं, “सांगा ना बाई तिला. जेवेल तरी.” हे मीच म्हटलं. भागाबाईंनी पुढं कधी मला त्याची आठवण करून दिली नाही, म्हणून मी इथं लिहून ठेवते.

त्या बराच वेळ कागद हातात धरून उभ्या होत्या. नियम त्यांचा होता, आणि तो त्यांनी एकदाही मोडला नव्हता. मग आत गेल्या, जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, “वेणू, तुह्या रक्तात आज काहीच निघालं नाही, पोरी.” वेणूनं विचारलं, “खरंच?” “आज तं नाही.” मुलीनं थाळी पुढं ओढली आणि खाऊ लागली. पायरीवरून बाप आत आला, तिला खाताना पाहून भिंतीला टेकून रडू लागला. मग भीत भीत म्हणाला, “बाई, तेवढं कागदावर लिवून देता काय? तिले पुन्हा शंका आली तं दाखवीन.”

भागाबाईंनी लिहून दिलं. ‘आज तपासलेल्या रक्तात दोष आढळला नाही.’ ‘आज’च्या खाली दोन रेघा मारल्या. दीड महिन्यानं पुन्हा यायचं, हे दोनदा बजावलं, तेच पेरणीचं उदाहरण दिलं. सखाराम हो हो म्हणत राहिला. त्या रेघांचं त्याला काय कळणार? त्याला वाचता येत नव्हतं. गावातल्या मास्तरानं वाचून दाखवलं ते असं, की मुलगी निर्दोष आहे, सरकारी डॉक्टरणीची सही आहे.

बापानं तो कागद देव्हाऱ्यात ठेवला. त्याला हळदकुंकू वाहिलं. माणूस लबाड नव्हता, उलट फार सरळ. त्याच्या मनानं धरलं, की घडलं ते धुऊन निघालं. लपवायला काही उरलंच नाही, म्हणून त्यानं कुणाला सांगितलंही नाही. अकोल्याकडचं एक बिजवर स्थळ चालून आलं, चांगलं, घरंदाज. आषाढी एकादशीनंतर चार महिने मुहूर्त नाहीत. तेव्हा त्याच्या आतच उरकायचं ठरलं.

आमच्याकडे दीड महिन्यानं वेणू आली नाही, तिच्या लग्नाची पत्रिका आली. कडेला कुंकू लावलेली, वर ‘डॉक्टरीणबाईंनी अवश्य येणे’. भागाबाईंनी तिथल्या तिथं माणूस धाडला, लग्नाआधी एकदा रक्त द्या, नाहीतर लग्न पुढं ढकला. निरोप परत आला, की मुलीला हळद लागली, हळदीच्या अंगानं नवरी उंबरा ओलांडत नाही, आणि आता देव झोपणार, पुढं कसं ढकलायचं?

“देव झोपते,” भागाबाई म्हणाल्या, “रोग झोपते काय?”

त्यांनी जायला हवं होतं. मांडवात जाऊन उभं राहायला हवं होतं. पण मांडवात उभं राहून काय सांगायचं, आणि कुणासमोर? रोग आहे असं त्यांनाही ठाऊक नव्हतं. नसेलही, ही आशा होतीच. त्या दिवशी त्यांनी एकाही फुटाण्याला हात लावला नाही आणि कुणावर रागावल्याही नाहीत.

श्रावणात रजा काढून आम्ही दोघी अकोल्याला गेलो, तिथून बैलगाडीनं वेणूच्या सासरी. हिवतापाची पेटी बरोबर. सासू हौशी होती, तिनं आळीतल्या बायका गोळा केल्या, चहा केला. बोटं टोचून झाली. वेणू अंगानं भरली होती. हिरवा चुडा, कपाळभर कुंकू. भागाबाईंनी तिला रांजणाआड घेतलं आणि हळूच विचारलं, मधे काही दुखलंखुपलं? अंगावर पुरळ आलं होतं, घामोळं असेल, गेलं आपोआप, ती म्हणाली. भागाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. गरमी अशीच येते आणि आपोआप गेल्यासारखी दाखवते.

“वेणू, हात देतं काय? थोडंसं रक्त पाह्यजे.”

ती आत गेली आणि लुगड्याच्या घडीत लपवून माहेराहून आणलेला तो कागद घेऊन आली. हळदीनं पिवळा पडलेला. “बाई, हे तुमीच लिवलं ना?”

“होय. पन हे त्या दिवसाचं आहे. आज पुन्हा पाहा लागते.”

“अन् आज काई निंघालं तं?”

“तं औषध आहे. सुया घ्या लागतीन, पन बरी होशीन.”

“सुया घ्याले कुठं जाऊ? घरी काय सांगू?” तिचा आवाज चढला नाही. “माह्या बापानं हे देवापाशी ठेवलं. मी याच्याकडं पाहूनच मांडवात उभी राह्यली. आता तुमी म्हनता हे खोटं.”

“खोटं नाही म्हनत मी.”

“मंग खरं हाये ना? राहू द्या.” आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

मी भागाबाईंच्या कानाशी लागले. सासूला हाक मारू, हिचंही घ्यायचंय म्हणू, तिच्यासमोर ही नाही म्हणू शकणार नाही. अगदी सोपं होतं. भागाबाईंनी पेटी बंद केली.

परतीच्या वाटेवर मी भांडले. आयुष्यात एकदाच त्यांच्याशी भांडले. म्हटलं, तिच्या जिवाचा प्रश्न आहे, उद्या तिच्या मुलांचा आहे, तुमचा नियम घेऊन काय चाटायचंय? त्या बैलांच्या पाठीकडे बघत होत्या. तसंच बघत म्हणाल्या, “ती नाही म्हनली. तरी घेतलं असतं, तं माह्यात अन् त्या मानसात फरक काय?”

याचं उत्तर मला फार नंतर सुचलं. फरक फार मोठा होता बाई, आणि तुम्ही ते रक्त घ्यायला हवं होतं. असं मी किती वेळा मनात म्हटलं असेल. आणि तितक्याच वेळा असंही वाटलं, की त्या बरोबर होत्या, चुकलं ते आधीच चुकलं होतं, त्या कागदापाशी. मला आजही ठरवता येत नाही.

त्यांनी अकोल्याला बदली मागून घेतली. अमरावती सोडून अकोल्याची बदली मागणारं माणूस कुणी पाहिलं नव्हतं. तिथला उन्हाळा असा, की कावळेसुद्धा दुपारी रजेवर असतात. कारण विचारलं तर म्हणाल्या, इथल्या बंबाचा धूर सोसत नाही. मलाही पाठोपाठ ओढून घेतलं. दर बाजाराला वेणूच्या गावची कुणी बाई भेटली की निरोप जाई, ‘हिवतापवाली बाई इथंच आहे’. उत्तर येत नसे.

वेणू आली ती दीडेक वर्षानं. सातव्या महिन्यात मूल गेलं होतं, मेलेलंच जन्मलं. सासू बरोबर होती, नवरा बरोबर होता. या वेळी वेणूनं स्वतःच बाही वर सारली. नागपूरचा कागद आला. तो मी फोडला, आणि वाचून परत पाकिटात घातला, जणू त्यानं काही होणार होतं.

नवऱ्याचंही रक्त घेतलं. त्याच्यातही रोग होता. सासू म्हातारी असली तरी खुळी नव्हती. तिनं दवाखान्याच्या ओसरीवर सरळ विचारलं, “बाई, दोघाईले हाये म्हनता. मंग आनला कोनं?” वेणू खाली बघत उभी होती. एका उत्तरावर तिचा संसार होता. नवरा बिजवर, पहिली बायको गेलेली, त्याच्यावर ढकललं असतं तरी खपलं असतं. भागाबाई म्हणाल्या, “रोग वेळेवर धराचा होता मी. मी नाही धरला. म्हनजे दोष माहाच समजा.” म्हातारीला यातून काही कळलं नाही. पण डॉक्टरीणच दोष घेते म्हटल्यावर पुढं विचारायची सोय राहिली नाही. नवरा एवढंच म्हणाला, “सुया कधीपासून घ्याच्या?” त्या माणसाचे मी मनातल्या मनात पाय धरले.

सोमलाची, म्हणजे आर्सेनिकची औषधं होती तेव्हा. दर आठवड्याला सुई, वर्षाहून जास्त. उलट्या होत, तोंड येई, दंड काळानिळा पडे. वेणू एकदाही चुकली नाही. बैलगाडीतून येई, सुई घेई आणि जाई. बोलणं असं नव्हतंच. भागाबाई तिच्यासाठी काही ना काही करून आणत, तिळाचे लाडू, मुगाची खिचडी. ती खाई. थाळी स्वतः धुऊन पालथी घाली. पहिल्या कागदावर विसंबून तिनं खाल्लेल्या त्या जेवणाची भरपाई या खाण्यानं होईल असं भागाबाईंना वाटत असेल. मला तसं दिसत नव्हतं. माफी त्यांनी एकदाच मागितली, सुई काढताना, “चुकलं माहं, वेणू,” इतकंच. वेणूनं कापसाचा बोळा दंडावर दाबून धरला आणि म्हणाली, “दाबून धरू ना असाच?”

माझा भाऊ आजारी पडला आणि मी नोकरी सोडून साताऱ्याला निघाले, त्याच दिवशी सकाळी नागपूरहून वेणूच्या रक्ताचा शेवटचा निकाल आला. त्याआधीचा आणि त्याच्याही आधीचा, दोन्ही स्वच्छ होते. हा तिसरा. नवऱ्याचाही तसाच. आता शंकेला जागा नव्हती. माझं सामान टांग्यात चढलं होतं. भागाबाईंनी मला निरोप द्यायचं ठरलं होतं, पण वेणूची गाडी आवारात आली तशी त्या मला विसरल्या आणि कागद हातात घेऊन तशाच बाहेर धावल्या.

मी टांग्यात बसून ऐकत होते. त्या म्हणाल्या, “वेणू, संपलं. दोघाईच्या रक्तात काहीच नाही. आता लेकरू होऊ द्या, काही भेव नाही.”

वेणूनं कागदाला हात लावला नाही. रागानं नाही, सवयीनं म्हणावं तशी म्हणाली, “तुमी मागंबी असंच म्हटलं होतं, बाई.”

“तेव्हा वेगळं होतं, माय. तीन खेपा पाह्यलं आता.”

“बरं,” वेणू म्हणाली. जशी लहान मुलाला बरं म्हणतात. “जातो आमी. ऊन होते.” आणि गाडीत चढली. नवऱ्यानं भागाबाईंना रामराम केला आणि कासरा ओढला.

गाडी फाटकातून बाहेर पडली. आणि भागाबाई तिच्यामागं चालू लागल्या. मग पळू लागल्या. पन्नाशीची बाई, डोक्यावर पदर नाही, उन्हात, पायातली एक वहाण मागं पडलेली. “वेणू! अवं खरं हाये! या खेपेले खरं हाये, माय!” रस्त्यावरची माणसं थांबून पाहत होती. ज्या बाईनं साहेबापासून फौजदारापर्यंत कुणाची कधी अजिजी केली नाही, ती एका शेतकऱ्याच्या सुनेला, माझ्यावर एवढा विश्वास ठेव म्हणून विनवत होती.

वेणूनं मागं वळून पाहिलं. थोरामोठ्यांचा मान ठेवायला हलवतात तशी मान हलवली आणि पुन्हा पुढं पाहू लागली. गाडी थांबली नाही.

वेणूला पुढं मूल झालं का, तिनं होऊ दिलं का, मला कळलं नाही. भागाबाईंना मी दोन पत्रं घातली, त्यांत मी ते विचारलं होतं. त्यांनी उत्तरात बाकी सगळं लिहिलं.

त्या दिवशी माझी आगगाडी चुकत होती. टांगा त्यांच्या अगदी जवळून गेला. मी हाक मारली. त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या, कागद धरलेला हात अजून वरच होता, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.